शिक्षण अर्ध्यावर सुटू नये म्हणून : कर्मवीर भाऊराव पाटील

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत समाजातील एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र असावे, अशी विश्वस्त मंडळींची इच्छा होती. तीर्थंकरांची व आचार्यांची चरित्रे लिहिण्यास अधिकारी माणसे आहेत. मी व्यापारी माणूस. तेव्हा ज्यांचा जमा-खर्च माझ्यासारख्यालाही समजू शकेल आणि ज्यांच्या कार्याचा आरंभ आपल्या सातारा व सांगली जिल्ह्यांच्या मातीत झाला, अशा पद्मभूषण कर्मवीर भाऊराव पाटील यांच्याविषयी लिहावे असे ठरविले. अण्णांचे नाव ठाऊक नाही असे घर आपल्याकडे सापडणार नाही. तथापि मुलाने मध्येच शाळा सोडू नये यासाठी गावातल्या किती संस्थांना त्यांनी एका दोरीत ओवले, ही बाजू थोडी मागे राहिली आहे. या लेखात भर तिच्यावरच आहे.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज या गावी, आजोळी झाला. बाहुबलीच्या डोंगरामुळे कुंभोजचा परिसर आपणा सर्वांस परिचित आहे. त्यांचे मूळ गाव वाळवे तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक. वडील पायगोंडा पाटील हे महसूल खात्यात नोकरीस होते, मातोश्रींचे नाव गंगाबाई. घराणे दिगंबर जैन. त्याचे पूर्वज कर्नाटकातील मूडबिद्रीकडून आले, असे चरित्रकार सांगतात. वडिलांच्या बदल्यांमुळे विटा, दहिवडी अशा ठिकाणी प्राथमिक शिक्षण झाले आणि पुढे इंग्रजी शिक्षणासाठी त्यांना कोल्हापूरच्या राजाराम हायस्कुलात घालण्यात आले. राहण्याची सोय जैन बोर्डिंगात झाली.

त्या काळच्या कोल्हापूरचे महत्त्व येथे थोडे सांगितले पाहिजे. राजर्षी शाहू छत्रपतींनी १९०१ पासून निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे निघावीत म्हणून जागा दिल्या, देणग्या दिल्या आणि त्या त्या समाजातील कर्त्या मंडळींच्या हाती कारभार सोपविला. आपल्या समाजात १८९९ मध्ये दक्षिण महाराष्ट्र जैन सभा स्थापन झालेली होती आणि शिक्षण हे तिचे पहिल्यापासूनचे मोठे काम होते. राजाने जागा द्यावी, समाजाने धान्य व पैका द्यावा, शाळेने विद्या द्यावी, अशी ही त्रिवेणी होती. खेड्यातला मुलगा चौथी-पाचवीनंतर घरी का बसतो, याचे उत्तर महाराजांनी अचूक ओळखले होते. फी हा अडथळ्याचा एक भाग झाला. खरा प्रश्न शहरात रात्री कोठे झोपायचे आणि दोन वेळा काय खायचे, हा होता. भाऊरावांनी हे सारे विद्यार्थिदशेत जवळून पाहिले.

मात्र त्याच बोर्डिंगातून त्यांना बाहेर पडावे लागले. १९०८ साली कोल्हापुरात अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. त्याच्या समारंभास भाऊराव गेले आणि परत आल्यावर शुद्धीसाठी स्नान करण्यास त्यांनी नकार दिला. बोर्डिंगचे अधीक्षक त्या वेळी अण्णासाहेब लठ्ठे होते. नियम मोडल्याबद्दल भाऊरावांना तेथून काढण्यात आले. ही गोष्ट आपल्या समाजाच्या व्यासपीठांवर फारशी सांगितली जात नाही. माझ्या मते ती अवश्य सांगावी, कारण तिचा उत्तरार्ध अधिक मोठा आहे. १९१४ मध्ये कोल्हापुरात पुतळ्यास डांबर फासल्याचे प्रकरण झाले. त्यात लठ्ठ्यांना गोवण्याचा प्रयत्न झाला आणि त्यांच्याविरुद्ध साक्ष देण्यासाठी भाऊरावांवर दडपण आणले गेले. त्यांना तुरुंगात टाकले, मारहाण झाली. ज्या गृहस्थांनी आपल्याला बोर्डिंगातून काढले त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष देणे किती सोपे होते! भाऊरावांनी ती दिली नाही. पुढे त्यांची सुटका झाली. पण कोल्हापूर दरबारात जे सोसले त्याचा राग त्यांनी शाहू महाराजांच्या विचारांवर काढला नाही. आपल्या पहिल्या मोठ्या वसतिगृहास त्यांनी महाराजांचेच नाव दिले.

हायस्कूलचे शिक्षण मात्र पुरे झाले नाही. मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण न होता भाऊरावांनी शाळा सोडली. ज्या माणसाने पुढे महाविद्यालये काढली, त्याचे स्वतःचे शिक्षण असे अर्ध्यावर राहिले. वडील तेव्हा कोरेगावला होते. आपले रहिमतपूर याच कोरेगाव तालुक्यातले. कर्तासवरता मुलगा घरी बसलेला पाहून वडिलांना वाईट वाटणे साहजिक होते. भाऊराव साताऱ्यास गेले आणि तेथे त्यांनी संस्कृत, इंग्रजी व गणिताच्या शिकवण्या सुरू केल्या. स्वतः मॅट्रिक न झालेला हा तरुण मॅट्रिकच्या मुलांना शिकवीत असे. शिकवण्यांचा जम चांगला बसला आणि सातारकरांना हा मास्तर ठाऊक झाला.

याच सुमारास, म्हणजे १९१० च्या आसपास, मिरज भागातील दूधगाव येथे काही जैन सहकाऱ्यांच्या सोबतीने त्यांनी विद्यार्थ्यांच्या आश्रमाच्या कार्यात भाग घेतला. प्रवर्तक मंडळी बहुतेक आपल्या समाजाची असली तरी आश्रम सर्व जातींच्या मुलांसाठी होता. घरोघर मूठभर धान्य बाजूला काढून ठेवायचे आणि ते विद्यार्थ्यांच्या जेवणासाठी द्यायचे, ही मुष्टिधान्याची पद्धत त्या काळी प्रचारात होती. व्यापाराच्या दृष्टीने पाहिले तर यात मोठी युक्ती आहे. एका श्रीमंताकडून शंभर रुपये घेतले तर एकच घर त्या कार्याशी जोडले जाते. शंभर घरांतून एकेक मूठ घेतली तर शंभर घरे जोडली जातात आणि मग तो विद्यार्थी शाळेत गेला की नाही याची चौकशी शंभर बायाबापड्या करू लागतात.

पोटासाठी भाऊरावांनी फिरतीची कामेही केली. ओगले काच कारखान्यासाठी ते हिंडले, किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकण्यासाठी खेडोपाडी गेले. पुढे साताऱ्याचे धनजीशा कूपर यांच्याबरोबर त्यांनी काम केले. पाडळी म्हणजे आपल्या जवळच्या सातारारोड येथे कूपरांचा कारखाना उभा राहण्यात भाऊरावांचा वाटा होता. हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री होते. कारखान्याच्या उत्पन्नातील काही भाग शिक्षणाकडे वळावा अशी भाऊरावांची अपेक्षा होती. ती पुरी होईना, तेव्हा ते त्या धंद्यातून बाहेर पडले. नांगराच्या विक्रीचा प्रवास वाया गेला असे मात्र मला वाटत नाही. शेतकऱ्याच्या ओसरीवर बसून व्यवहार करणाऱ्या माणसाला त्या घरातला कोणता मुलगा हुशार आहे आणि तो गुरे का राखतो आहे, हे जितके कळते तितके शाळा-तपासनिसाला कळत नाही.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीच्या सुमारास, कराडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. पार्श्वभूमीला महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाची चळवळ होती. काले, नेर्ले अशा ठिकाणी वसतिगृहे निघाली आणि १९२४ साली संस्थेचे मुख्य ठिकाण साताऱ्यास आले. साताऱ्यात भाऊरावांनी स्वतःच्या बिऱ्हाडीच मुले ठेवण्यास सुरुवात केली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीचा एक मुलगा त्यांनी काल्याहून बरोबर आणला होता. पाहता पाहता मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी सर्व मुले एका पंक्तीत बसू लागली. स्वयंपाक, झाडलोट, दळण, पाणी भरणे ही कामे मुले पाळीपाळीने करीत.

येथे सौ. लक्ष्मीबाईंविषयी लिहिल्यावाचून पुढे जाता येत नाही. विद्यार्थी त्यांना वहिनी म्हणत. त्या कुंभोजच्याच एका सधन पाटील घराण्यातल्या. सोवळ्याओवळ्याच्या, रात्रिभोजन-त्यागाच्या वातावरणात वाढलेल्या या बाईने आपल्या चुलीपाशी सर्व जातींची मुले बसविली. प्रथम हे त्यांना जड गेले असणार. आपल्या घरांतील वडीलधाऱ्या स्त्रिया ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ते सांगावे लागणार नाही. वसतिगृहाचा खर्च भागेना तेव्हा त्यांच्या अंगावरचे दागिने एकामागून एक गेले. एकदा भाऊराव गावी नसताना कोठीत धान्याचा कण उरला नव्हता. मुले उपाशी राहू नयेत म्हणून वहिनींनी गळ्यातले मंगळसूत्रही काढून दिले, ही हकिकत साताऱ्याच्या जुन्या लोकांना तोंडपाठ होती. १९३० मध्ये वहिनींचे निधन झाले. संस्थेचा वृक्ष वाढलेला त्यांना पाहता आला नाही. आपल्या शास्त्रांत आहारदान आणि शास्त्रदान यांचा वेगवेगळा उल्लेख आहे. साताऱ्याच्या त्या बिऱ्हाडात ही दोन्ही दाने एकाच ताटात वाढली जात होती.

२५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहास छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव देण्यात आले. धनिणीच्या बागेतील हे बोर्डिंग पुढे साऱ्या महाराष्ट्रास माहीत झाले. पुणे कराराच्या वर्षी, १९३२ मध्ये, पुण्यात युनियन बोर्डिंग हाऊस निघाले.

या बोर्डिंगांचा रोजचा गाडा कसा चालत असे, ते पाहण्यासारखे आहे. अण्णा सुगीच्या दिवसांत गावोगाव जात आणि खळ्यावरच धान्य मागत. कोणी ज्वारी देई, कोणी कडधान्य, कोणी जळण. बाजारपेठेतला व्यापारी गूळ-तेल देई, क्वचित उधारीवर. संस्थानिक जागा देत. नगरपालिका आणि लोकल बोर्डाच्या शाळांत मुले शिकत. मुलांनीही स्वस्थ बसायचे नाही. शेतात, बांधकामावर, खडी फोडण्याच्या कामावर त्यांनी जायचे आणि आपल्या जेवणाचा काही भार उचलायचा. स्वावलंबनाचे हे तत्त्व संस्थेचे ब्रीद ठरले. वडाचे झाड हे संस्थेचे बोधचिन्ह. पारंब्या जमिनीत रुजाव्यात आणि त्यांचाच पुन्हा खांब व्हावा, ही कल्पना त्यात आहे. आणि खरोखरच बोर्डिंगात शिकलेली मुले शिक्षक होऊन परत संस्थेत येऊ लागली. शाहू बोर्डिंगात वाढलेले बॅरिस्टर पी. जी. पाटील पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

अण्णांच्या लक्षात लवकरच आले की, शहरात बोर्डिंग काढून सर्व मुले वाचत नाहीत. ज्या वाडीत शाळाच नाही तेथला मुलगा बोर्डिंगपर्यंत पोचणार कसा? त्यासाठी आधी शिक्षक पाहिजेत, म्हणून १९३५ मध्ये साताऱ्यास सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज काढले. प्रांतिक स्वायत्ततेनंतर मुंबई सरकारने स्वयंसेवी शाळांना उत्तेजन देण्याचे धोरण स्वीकारले आणि अण्णांनी ती संधी साधली. गावाने देऊळ, चावडी किंवा धर्मशाळा द्यावी, संस्थेने शिक्षक द्यावा, सरकारने अनुदान द्यावे, अशी वाटणी ठरली. इमारतीची वाट पाहायची नाही. देवळाच्या ओवरीत सकाळी आरती आणि नंतर बाराखडी, असे दृश्य सातारा जिल्ह्याच्या डोंगरी भागात दिसू लागले. अशा शाळांची संख्या ५७८ पर्यंत गेली. पुढे त्या जिल्हा स्कूल बोर्डाकडे सोपविण्यात आल्या.

चौथी झाली की पुढे काय, हा प्रश्न त्यानंतर येणारच होता. १९४० साली साताऱ्यास महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये आपल्या संस्थानात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले होते. त्यांचे नाव या शाळेस देणे उचितच होते. विद्यार्थ्याने श्रम करावेत आणि फी न देता शिकावे, अशी तेथील योजना होती. स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये, छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले. ‘कमवा आणि शिका’ ही योजना तेथून महाराष्ट्रभर पसरली. १९५४ मध्ये कराडला संत गाडगे महाराजांच्या नावाने आणि १९५५ मध्ये साताऱ्यास मौलाना आझादांच्या नावाने महाविद्यालय निघाले. छत्रपतींचे, एका परीट संताचे आणि एका मौलानांचे, अशी ही तीन नावे एका जैन पाटलाने आपल्या महाविद्यालयांना दिली.

या वाटेवर संकटे पुष्कळ आली. १९४८ नंतर सरकारशी मतभेद होऊन संस्थेची अनुदाने थांबली. शिक्षकांचे पगार देणे मुष्कील झाले. गांधीजींच्या हत्येनंतर त्यांच्या नावाने १०१ हायस्कुले काढण्याचा संकल्प अण्णांनी केला होता. तो सोडण्यास ते तयार नव्हते आणि सरकारपुढे नमण्यासही नव्हते. अखेर गाडगे महाराजांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे शब्द टाकला आणि अनुदान पुन्हा सुरू झाले. हातात खराटा आणि गाडगे घेतलेल्या संन्याशाने सरकारदरबारी शाळेसाठी रदबदली करावी, हे आजच्या पिढीला नवल वाटेल. त्या काळी कीर्तनकार, पाटील, सावकार, मास्तर आणि मंत्री हे एकमेकांना परके नव्हते. अण्णांचा हट्टी स्वभावही या प्रसंगात दिसतो. ते तोंडाने फटकळ होते आणि त्याचा त्रास कधी कधी संस्थेला झाला, हेही नमूद केले पाहिजे. चरित्रात देव्हारा करू नये.

अण्णांच्या कार्याकडे मी आज पाहतो ते माझ्या धंद्याच्या चष्म्यातून. रहिमतपूरच्या पेठेत जून महिना हा गणवेशाच्या कापडाचा. पांढऱ्या आणि खाकी कापडाचे किती ताके खपले यावरून आम्हा कापड दुकानदारांना शाळेच्या पटाचा अंदाज येतो. कित्येक घरांतून ओळीने तीन-चार वर्षे माणूस येतो, मुलाची उंची वाढली म्हणून अर्धा मीटर अधिक मागतो आणि एखाद्या जूनमध्ये तो येतच नाही. मुलगा कामाला लागलेला असतो. मुलगी असेल तर घरी बसलेली असते किंवा तिचे लग्न ठरलेले असते. बहुधा आठवी-नववीच्या आसपास हे घडते. २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, पण त्याची मर्यादा वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत, म्हणजे आठवीपर्यंतच आहे. पुढे मुलगा गळला तर विचारणारे कोणी नाही. शिवाय गाळपाच्या हंगामात बीडकडून येणाऱ्या ऊसतोड कुटुंबांची मुले आपल्या शिवारात पालांत राहतात. त्यांचे नाव एका गावच्या पटावर आणि पाय दुसऱ्या गावच्या फडात असतात.

आज अन्नाचा प्रश्न अण्णांच्या वेळेइतका बिकट नाही. १९९५ पासून केंद्र सरकारची शालेय पोषण आहाराची योजना आहे, पाठ्यपुस्तकेही मिळतात. परंतु अण्णांपाशी जे होते ते या योजनांत नाही. कोणता मुलगा कोणत्या घरातला आहे आणि तो आज का आला नाही, हे त्यांना ठाऊक असे. ती माहिती आजही गावात आहे, फक्त ती विखुरलेली आहे. मास्तरांना गैरहजेरी कळते, दुकानदाराला उधारी कळते, अंगणवाडीच्या ताईंना घरातली अडचण कळते, नगरपालिकेला स्थलांतर कळते, आणि आपल्या ट्रस्टसारख्या संस्थांपाशी देणगीची पेटी असते. ही पाच माणसे दर जूनमध्ये आणि दर दिवाळीनंतर एका बैठकीला बसली, तर निदान आपल्या गावापुरती यादी होऊ शकेल. नावे वीस निघोत की चाळीस, त्यांतील कोणाला बसचा पास हवा, कोणाला परीक्षेची फी, कोणाच्या बापाला चार शब्द सांगायला हवेत, हे तेथेच ठरेल. ट्रस्टच्या शिष्यवृत्त्या आपण दहावीला चांगले गुण मिळविणाऱ्यांना देतो, ते योग्यच आहे. पण दहावीपर्यंत न पोचणाऱ्याला गुण मिळणार कोठून? सुवर्णमहोत्सवाच्या निधीतील काही भाग या दुसऱ्या प्रकारच्या मुलांसाठी, तोही जातीचा व धर्माचा विचार न करता, राखून ठेवावा, अशी माझी विश्वस्त मंडळास नम्र सूचना आहे.

१९५९ साल अण्णांच्या आयुष्यातील शेवटचे. भारत सरकारने त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण दिले आणि एप्रिल महिन्यात पुणे विद्यापीठाने डी.लिट. ही पदवी अर्पण केली. मॅट्रिक न झालेल्या विद्यार्थ्याला मिळालेली ही पदवी होती. प्रकृती तेव्हा पार ढासळली होती. ९ मे १९५९ रोजी पुण्याच्या ससून रुग्णालयात त्यांचे निधन झाले. त्या वेळी संस्थेची वसतिगृहे अडतीस होती, माध्यमिक शाळा शंभराच्या वर गेल्या होत्या. अंगावर खादी, खांद्यावर घोंगडे आणि अनवाणी पाय, अशी त्यांची मूर्ती ज्यांनी पाहिली ती पिढी आता बहुतेक गेली. १९८८ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट निघाले. २०१९ मध्ये संस्थेची शताब्दी झाली आणि २०२१ मध्ये साताऱ्यास त्यांच्या नावाचे विद्यापीठ स्थापन झाले. देवळांच्या ओवऱ्यांत भरलेल्या त्या ५७८ शाळा कोणकोणत्या गावांत होत्या हे मात्र त्या गावांतल्या आजच्या मुलांना क्वचितच ठाऊक असते. सरकारी शाळेची इमारत बांधली गेली, ओवरी पुन्हा देवाची झाली आणि मास्तरांची खुर्ची कोठे होती ते सांगणारे म्हातारेही उरले नाहीत.